नागपूरहून पाठ करून आणलेला नंबर

नागपूरला कसली आली आहे थंडी, असं म्हणून मी स्वेटर घरीच ठेवला आणि गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत शाल डोक्यावरून ओढून कुडकुडत बसले. ऐंशी-एक्याऐंशीचा डिसेंबर असावा. बाहेर कपाशीच्या शेतांवर धुकं होतं आणि माझ्या मांडीवर माझाच चाळीस पानांचा निबंध होता. परदेशी कामाला गेलेल्या मजुरांचे हक्क हा माझा विषय. पुण्याच्या एका महाविद्यालयात पंधरा वर्षं मी तो कायद्याच्या मुलांना शिकवत होते, आणि या पंधरा वर्षांत परदेशी गेलेला एकही मजूर माझ्या घरी चहाला आलेला नव्हता. परदेशी गेलेला माझ्या ओळखीचा म्हणजे माझा मुलगा अभय. तो अमेरिकेत शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला. निघायच्या आदल्या दिवशी त्याचं निळं हवाईपत्र आलं होतं, तेही पिशवीत होतं.

स्टेशनाबाहेर संत्र्यांचे ढीगच ढीग. सायकलरिक्षावाल्याला पत्ता दाखवला.

"बसा ना बाई, इंदोऱ्याले सोडून देतो. इतक्या थंडीत बिना स्वेटरच्या काहून (का) फिरून राहिल्या?"

पुणेकराला असं कोणी विचारलं की राग येतो. तो खरं बोलत होता म्हणून जरा जास्तच आला.

इंदोऱ्याला, म्हणजे नागपुरातल्याच एका वस्तीत, जायचं कारण असं, की ज्या चर्चासत्रासाठी मी आले होते, त्याच्या विश्रामगृहातली माझी खोली दिल्लीहून आलेल्या प्राध्यापकांना गेली होती. संयोजकांनी शंभरदा माफी मागून मला सुलोचनाताई रामटेक्यांच्या घरी पाठवलं. ताई पन्नाशीच्या वकीलबाई. कोर्टात जायच्या आधी दोन तास त्या घराच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसत. वस्तीतली जी मुलं आखातात गवंडीकामाला, वेल्डिंगला गेलेली, त्यांच्या घरची माणसं तिथे येत. अर्ज, तारा, एजंटांची खोटी करारपत्रं, सगळं त्या सतरंजीवर.

माझ्या हातात त्यांनी तर्री पोह्यांची बशी दिली. तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो चण्याचा लालभडक रस्सा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. समोर एक साठीची बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला गुळाचा खडा आणून दिला.

"काहून रडून राहिल्या, बाई? हे तर मी लेकरांसाठी कमी तिखट केलं होतं."

या पारबताबाई. ताईंच्या शेजारच्या. गूळ चघळत मी पाहत राहिले, तर विडी वळता वळता त्यांचे ओठ हलत होते. जप असेल असं मला वाटलं.

"जप नाही," ताई हसल्या. "मिलिंदचा नंबर आहे."

मग ताईंनी सगळं सांगितलं. मुलगा परदेशी उतरला की मालक पासपोर्ट काढून घेतो. वर्षभराने त्या मुलालाच आपला नंबर आठवत नाही. म्हणून जाणारा प्रत्येक जण आदल्या दिवशी पासपोर्ट घेऊन या ओसरीवर येतो आणि ताई तो नंबर त्याच्या आईकडून किंवा बायकोकडून पाठ करून घेतात. पूर्वी त्या रजिस्टरात लिहून ठेवत. एका पावसाळ्यात कौलं गळली आणि रजिस्टराचा लगदा झाला.

"तेव्हापासून मी कागदावर भरवसा ठेवत नाही," ताई म्हणाल्या. "मायचं (आईचं) डोकं कोणी जप्त करत नाही."

पारबताबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी आकड्यांना आपल्या घरातली नावं दिली होती. विडीला दोरा गुंडाळत त्यांनी मला म्हणून दाखवलं: "तीन शरणं, पाच शीलं, बावीस प्रतिज्ञा, सात महिन्यांचा, एकुलता एक." छप्पन्न साली नवऱ्याबरोबर दीक्षाभूमीवर उभं राहून त्यांनी धम्म घेतला होता, तीन, पाच आणि बावीस त्यांना कोणी शिकवावे लागले नाहीत. मिलिंद सातव्या महिन्यात जन्मलेला, आणि त्याच्यामागे भावंड नाही. झाले सहा आकडे. आधीचं इंग्रजी अक्षर मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घराचं आहे.

"आठ महिने झाले, चिठ्ठी नाही," त्या म्हणाल्या. मग सहज विचारलं, "तुमाले लेकरं किती?"

"एक मुलगा. अमेरिकेत असतो."

"त्याचा लंबर काय?"

तो माझ्याकडे नव्हताच. अभयचा पत्ता मला पाठ होता, त्याच्या बुटाचं माप पाठ होतं. पासपोर्टचा नंबर असतो आणि तो आईला माहीत असावा, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. पारबताबाईंनी माझ्याकडे अशा काही मायेने पाहिलं, जणू मीच लेक हरवून बसले होते.

चर्चासत्र दोन दिवस चाललं. नकाशे झाले, तक्ते झाले, चहाला उत्तम बिस्किटं होती. माझा निबंध मी ठणठणीत आवाजात वाचला. मालकाने कामगाराची कागदपत्रं ताब्यात घेऊ नयेत, या मुद्द्यावर तर टाळ्याही पडल्या. ताई पारबताबाईंना घेऊन शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. सूप घरी राहिल्यामुळे बाईंना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. प्रश्नांची वेळ आली तशा त्या उठल्या.

"बाई, तुम्ही सांगून राहिल्या ते चांगलं हाये. पण मालक म्हणते, असा मानूस आमच्याकडे आलाच नाई. मंग कोनाले सांगायचं?"

दिल्लीचे प्राध्यापक सौजन्याने म्हणाले, हा व्यावहारिक प्रश्न आहे, तो आपण पुढच्या सत्रात घेऊ. पुढच्या सत्राचा विषय व्याख्या आणि वर्गीकरण असा होता. माझ्या चाळीस पानांत त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि मला लाज वाटली. ती मी आजही लपवत नाही.

मला तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी आठवला. तो दिल्लीत परराष्ट्र खात्यात होता, पण आठवडा संपायच्या आत नव्या नेमणुकीवर देशाबाहेर जाणार होता. त्याचा फोन नंबर घरच्या डायरीत होता; पुण्याला पोचताच ट्रंककॉल लावला तर तो हाती लागला असता. अर्ज पाठवून काही होत नव्हतं; ताईंचे तीन अर्ज आधीच कुठेतरी पडून होते. संध्याकाळी ओसरीवर मी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे मिलिंदचं नाव, गाव आणि नंबर लिहून घेतला.

"आता म्हनून दाखवा," पारबताबाई म्हणाल्या.

"अहो, लिहून घेतलंय की मी."

"लिहिलं ते कागदानं. तुमी म्हना."

दमलेली होते, चिडलेही होते. पण पारबताबाई काही हटेनात. ताई चष्म्याआडून गंमत बघत होत्या. शेवटी मी, कायद्याची प्राध्यापिका, पाढे चुकलेल्या मुलीसारखी मांडी घालून बसले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बाईंनी मान डोलावली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात तंबाखूच्या वासाचा आणि अगदी गरम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी. ताईंनी काटोलच्या बागेतली संत्री पिशवीभर दिली आणि पारबताबाईंनी आपली घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. परत कशी करू विचारलं तर म्हणाल्या, "मिलिंदच्या हाती पाठवा."

गाडीत समोर मूळच्या अमरावतीच्या, पुण्याला निघालेल्या एक आजी बसल्या होत्या. दोघींनी मिळून संत्री फस्त केली. सालं, बिया, चोथा मी पिशवीतल्या कागदात गोळा केला आणि पुलगावच्या पुढे खिडकीतून भिरकावला. बडनेऱ्याला चहा घेताना मला कळलं की तो कागद कोणता होता.

मी सगळी पिशवी बाकावर उपडी केली. निबंध होता, जेवणाची कुपनं होती, अभयचं पत्र होतं. फक्त तोच कागद नव्हता. ताईंकडे फोन नव्हता, आणि पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत माझा विद्यार्थी देशाबाहेर गेला असता. एका आईने विश्वासाने दिलेली गोष्ट मी संत्र्याच्या सालांबरोबर फेकून दिली होती. मला रडू कोसळलं.

आजींनी विचारलं, "काय झालं वं? काहून रडून राहिली?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "तीन शरणं, पाच शीलं, बावीस प्रतिज्ञा..." इथे मी अडले. बावीसच्या पुढे काय? डोळे मिटले. ओसरी दिसली, सूप दिसलं, दोरा गुंडाळणारी बोटं दिसली. ते लेकरू वेळेआधीच आलं होतं. "सात महिन्यांचा," मी म्हणाले, "एकुलता एक."

आजींना काही उमगलं नाही, तरी त्यांनी हात जोडले. पुण्यापर्यंत मी ते म्हणत आले. कागदावर उतरवलं नाही, मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंककॉल लागला. मी आधी अक्षर, मग आकडे एकेक करून सांगितले. पलीकडून विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, समोर कागद आहे ना? नक्की बरोबर आहे?"

"कागद नाही," मी म्हणाले. "म्हणूनच नक्की आहे."

त्याच दुपारी अभयला हवाईपत्र लिहिलं. बाकी खुशाली दोन ओळींत उरकली आणि त्याच्या पासपोर्टचा नंबर मागितला. इतकी वर्षं हक्क, करार, संरक्षण यांवर मी बोलत आले, ते खोटं होतं असं मला वाटत नाही. पण गेलेल्या माणसाच्या मागे घरात कोणीतरी त्याला धरून बसलेलं असतं, याला माझ्या निबंधात कलम नव्हतं. आणि ते धरून बसणं मी स्वतः केलं नव्हतं.

फेब्रुवारीत एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. अभयने लिहिलं होतं, "आई, तुला हे काय नवीन? पासपोर्ट माझ्या कपाटात सुरक्षित आहे." खाली नंबर होता.

दुसरं ताईंचं पोस्टकार्ड. मालकाच्या कागदांत मिलिंदचं नाव दुसरंच लावलेलं होतं. नंबरावरून तो शहरापासून दूर एका बांधकामावर सापडला. तो घरी पोचला होता. वाळला आहे, पण हसतो, असं ताईंनी लिहिलं होतं. घोंगडी न्यायला तो येणार होता, पण माय त्याला इतक्यात वस्तीबाहेर सोडत नव्हती. आणि अगदी शेवटी, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात: "पारबताबाई विचारून राहिली, तुमच्या लेकाचा नंबर पाठ झाला का?"

मी स्वयंपाकघरात गेले. अभयच्या आकड्यांना आमच्या घरात काय काय आहे ते शोधायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ताईंना उत्तर लिहिलं: झाला. घोंगडी मीच घेऊन येते, आणि पारबताबाईंना म्हणून दाखवते.