सम्राटाच्या गालावरचा पिवळा

अख्ख्या बीड जिल्ह्यात पेंग्विनची बाजू घेऊन भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. तलवाड्याच्या अलीकडच्या एका गावात त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला आणि बर्फ फक्त रसवंतीवर. तरी जगातल्या सगळ्यात मोठ्या दोन पेंग्विनांबद्दल, म्हणजे सम्राट आणि राजा यांच्याबद्दल, कुणी चुकीचं बोललं की त्यांचा पारा चढलाच. माझ्या लग्नात मी काळा कोट घालून उभा होतो. मित्र म्हणाला, "नवरदेव पेंग्विन दिसतोय." अक्षता मुठीत धरून मामा गर्रकन मागे वळले. "कावून? गालावर पिवळा कुठंय ह्यांच्या?" मंगलाष्टका संपल्या तरी त्यांचं समजावणं संपलं नव्हतं.

समजावण्याची पद्धतही अस्सल मास्तरांची. "शास्त्रीय नाव म्हंजे हजेरीपट. आडनाव आधी, नाव मागून. ॲप्टेनोडायटिस हे आडनाव. त्या आडनावाची आज दोनच घरं. फॉर्स्टेरी म्हंजे सम्राट, पॅटागोनिकस म्हंजे राजा." तिसऱ्या नंबरचा मोठा पेंग्विन जेंटू. त्याला मी एकदा चुकून या दोघांच्या पंगतीत बसवलं. "जावईबापू, कुळ एक असंल, भावकी न्हाई! तो दगड रचून घरटं करतो. ह्या दोघांना घरटंच न्हाई. अंडं पायावर घेऊन उभे राहत्यात." तेवढ्यात माझ्या ताटातली भाकरी वाळून गेली.

निवृत्तीच्या दिवशी गावाने प्रेमाने फाट्यावर फ्लेक्स लावला. मामांचा फोटो, शेजारी पेंग्विन, खाली मोठ्या अक्षरांत 'सम्राट'. चित्र मात्र राजाचं! सत्कार सोडून मामा शिडीवर चढले आणि रंगाच्या ब्रशने 'सम्राट' खोडून 'राजा' लिहून खाली आले. "निवृत्त होताना खोटं टांगून घिऊ का?" हार घेऊन आलेली माणसं खाली तिष्ठत उभी होती.

पण त्यांची खरी कमाई म्हणजे शाळेची भिंत. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने हे दोघे मापात रंगवले होते. अंगणवाडीतलं पोर राजाएवढं, पहिलीतलं सम्राटाएवढं. राजाच्या गालावरचा केशरी ठिपका कडेने बंद, सम्राटाचा पिवळा छातीत विरघळत गेलेला. गेल्या वर्षी वरून हुकूम आला की सगळ्या भिंती एकाच रंगाच्या करा आणि नवी चित्रं काढा. रंगारी डबे घेऊन आला त्या सकाळी मामा घरची खुर्ची घेऊन भिंतीला पाठ लावून बसले. उन्हं चढली तसे शिक्षण खात्याचे साहेब स्वतः आले.

"गुरुजी, तुम्ही निवृत्त झालात."

"मी झालोय. पक्षी न्हाई झालेत."

"अहो, इथे पेंग्विनचा काय संबंध? मोर काढू की छान."

"मोर त्या समोरच्या भिंतीवर मी सोता काढून देतो, फुकट. ह्या भिंतीला हात लावायचा न्हाई." मामा खुर्चीतून उठले नाहीत, पण आवाज उठला. "दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घिऊन ऊसतोडीला जातं, साहेब. लेकरं शाळेसाठी मागं राहत्यात. मला इचारत्यात, आई वळखंल का आमाला? मी त्यांना हितं आणून उभं करतो. ह्या पाखरांचे मायबाप समुद्रावर जात्यात, पिल्लं एका जागी गोळा हून थांबत्यात. घरटं न्हाई, म्हंजे जागेची खूण न्हाई. तरी माय येती, आवाज देती, आन् हजारोंत आपलंच पिल्लू हुडकती. पुसा आता."

साहेब जरा मऊ झाले. "बरं, मग एक ठेवा. दोन्ही सारखेच तर दिसतात."

इथे साहेब फसले. पुढचा पाऊण तास मामांनी चोचीच्या लांबीपासून पिल्लांच्या लोकरीच्या रंगापर्यंत दोघांतला फरक सांगितला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा रंगाऱ्याकडे पाहिलं आणि "राहू द्या दोन्ही" म्हणून गाडीत बसले. मला त्या दिवशी मामांचा मनापासून अभिमान वाटला.

आता मामांचे डोळे अधू झालेत. सम्राट कुठला आणि राजा कुठला, हे त्यांना भिंतीवर हात फिरवून, उंची चाचपून सांगावं लागतं. यंदा ऊसतोडीची माणसं परतली तेव्हा मी मामांबरोबर शाळेच्या फाटकात, त्या भिंतीलगतच होतो. ट्रॅक्टर थांबायच्या आत ट्रॉलीतून एका बाईने हाक मारली. नाव इंजिनाच्या आवाजात मला काही कळलं नाही. भिंतीपाशी तीस-चाळीस पोरं होती. त्यांतली एकच पोरगी जेवणाचं ताट टाकून धावत सुटली.

मामांना ती दिसली नसणार. ते नुसते पावलांच्या आवाजाकडे तोंड करून उभे होते. मग भिंतीला हात टेकून हळूच म्हणाले, "ऐकलंत का जावईबापू? ही बी त्याच भावकीतली. वर्गीकरण बरोबर हाय."