घाटातला नारळ

बाबल्या शिगवण मला पहिल्यांदा भेटला तो फियाटसकट. गाडी तुळशीला प्रदक्षिणा घालून पडवीत शिरली आणि वाडीतल्या कोंबड्या महिनाभर अंडी द्यायला विसरल्या.

१९८६ साली पाच देशांच्या मोटार रॅली मालिकेत हाच बाबल्या गुणांत दुसरा होता. हंगामाची शेवटची फेरी आमच्याच घाटात होती आणि वाट सांगायला शेजारी मी होतो. घाटातल्या देवळाशी त्याने गाडी थांबवली.

“मेल्या, अजिंक्यपद जाईल.”

“जाऊ दे अण्णा. देवाला नारळ न देता घाट चढू काय?”

त्याने सावकाश नारळ फोडून मला खोबरं दिलं. रॅलीत ठरल्या वेळेआधी पोहोचलं तरी गुण कापतात, हे घाईत सगळेच विसरले होते. बाकीचे आधी पोहोचले, आम्ही बरोबर वेळेवर. बाबल्या अजिंक्य ठरला. खेडात खालुबाजा लावून त्याची मिरवणूक निघाली.

पुढच्या वर्षी ती स्पर्धाच बंद पडली, त्यामुळे बाबल्या आजही अजिंक्य आहे.