सेवेचे आठ आणे

ब्रह्मपुरीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात तो वेटर होता. गिऱ्हाईक उठलं की गल्ल्यावरच्या शेठला लांबूनच बिल ओरडून सांगायचा. नुसता चहा घेतला असला की मला त्या आवाजाची लाजच वाटायची. बडीशेपेच्या बशीतले चार आणे मात्र तो गुपचूप कपाळाला लावून खिशात टाकायचा.

मग शेठनं बिलात ‘सेवा’ म्हणून आठ आणे लावले. ते वेटरलाच मिळतात असं समजून लोक बशीत काही ठेवेनात. आठवडाभर त्यानं रिकाम्या बशा उचलल्या. बाजाराच्या दिवशी, भरल्या हॉटेलात, मी उठलो तशी त्यानं आरोळी दिली, "चष्मेवाले मास्तर, एक चहा, साठ पैसे. सेवेचे आठ आणे शेठले, मले नाई भेटत."

सगळ्या माना गल्ल्याकडे वळल्या. मी पुढे केलेल्या पैशांतले आठ आणे शेठनं मुकाट्यानं परत केले.

वेटरनं फडकं खांद्यावर टाकलं. "टोपीवाले भाऊ, दोन चहा, एक रुपया वीस. सेवा फुकट."