तीनच्या खेळाचा आवाज मी बंद केला

बसा, चहा ठेवला आहे. तो उकळेपर्यंत माझ्या एका फजितीची हकिकत सांगते. ही हकिकत मेडशीत पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु प्रत्येकजण ती आपापल्या पद्धतीने, वाटेल तो भाग गाळून आणि वाटेल तो भाग घुसडून सांगतो. फजिती माझी आहे, तर निदान ती तुमच्यापर्यंत नीटनेटकी पोहोचावी, एवढीच माझी इच्छा!

काळ सत्तरच्या दशकातला. वाशीम जिल्हा व्हायचा होता. आम्ही अकोल्यात मोडत होतो. मी मेडशीच्या शाळेत मराठी शिकवीत असे. ‘चूक’ हा शब्द मी मुलांच्या वह्यांत लाल शाईने इतक्या वेळा लिहिला, की तो शब्द फक्त इतरांसाठी असतो अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती.

माझा एक विद्यार्थी होता, गौतम. अभ्यासात मध्यम, पण बाक वाजवण्यात अव्वल! मी कविता शिकवू लागले की हा मागच्या बाकावर दोन पेन्सिलींनी ठेका धरणार. पुढे तो नागपूरला शिकायला गेला, तेथे गिटार शिकला आणि मुंबईला जाऊन ‘रॉक’ नावाचे संगीत वाजवू लागला. रॉक म्हणजे काय, हे मला तेव्हा समजले नाही आणि आजही समजलेले नाही. विजेवर चालणारी गिटार, खांद्यापर्यंत केस, आणि चार मुलांचा एक संच, एवढे मी त्याच्या छायाचित्रात पाहिले होते. कालांतराने तो संच मोडला. ढोल वाजवणारा परदेशी गेला, गाणाऱ्याचे लग्न झाले. मग गौतम चित्रपटांकडे वळला. त्याचे मला पोस्टकार्ड आले: ‘बाई, एका हिंदी चित्रपटाचे पार्श्वसंगीत मी एकट्याने केले आहे. पडद्यावर माझे नाव येते.’

मी त्या पोस्टकार्डातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि ते जपून ठेवले. मजकूर? तो मी सोयीने समजून घेतला. संगीत म्हणजे गाणी. चित्रपटात दुसरे असते तरी काय?

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मुलाची चौकशी करायची ती मुलाच्या घरी नाही. मुलीच्या बापाने गावात उतरायचे, पहिली चौकशी पानठेल्यावर, दुसरी पिठाच्या गिरणीवर आणि तिसरी शाळेत. पानठेल्यावर मुलाची व्यसने कळतात, गिरणीवर घरची परिस्थिती कळते आणि शाळेत खरे-खोटे कळते. त्यामुळे माझ्या एका ‘हो’वर लग्ने जुळत आणि एका ‘पाहा बुवा’वर मोडत. मला त्याचा अभिमान होता. खोटे कशाला सांगू?

तर एके दिवशी वाशीमच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक असलेले इंगोले माझ्या ओट्यावर येऊन बसले. सरळ माणूस. बोलणेही सरळ.

“बाई, पानठेल्यावर इचारलं, पोरगा पेत नाई म्हंते. गिरणीवर इचारलं, घरी वावर हाय म्हंते. पन पोरगा करते काय, थे मात्र कोनालेच सांगता येऊन नाई राह्यलं!”

“कोण, गौतम? तो संगीत करतो.”

“म्हंजे बँडात हाय?”

“चित्रपटांना संगीत देतो, इंगोले!”

“पर्मनंट हाय का?”

मी चष्मा पुसला.

इंगोले म्हणाले, “आयका बाई, माही सुनंदा म्हंते, करीन तं याच्याशीच. नागपूरले मामाच्या घरी पाह्यलं तिनं त्याले. पन मले इंझोरीचं बी एक स्थळ आलं हाय. पाटबंधाऱ्यात नोकरी, पर्मनंट. सोमवारी सकायी त्यायले हो का नाई सांगाचं हाय. पोरीचं मन मोडू, का पोरीले रस्त्यावर टाकू? तुमी सांगसान तसं करतो.”

पाहा, केवढा विश्वास! मी तेव्हाच ‘मुलगा चांगला आहे’ म्हणून थांबले असते, तर आज ही हकिकत नसती. पण पुराव्याशिवाय विधान करायचे नाही, हा माझा बाणा.

“त्याचा चित्रपट सध्या वाशीमला लागलेला आहे,” मी म्हणाले. “रविवारी तीनच्या खेळाला मी येते. सुनंदालाही आणा. स्वतःच्या कानांनी ऐका आणि ठरवा.”

रविवारी माझी एस.टी. मालेगावच्या पुढे मेंढ्यांच्या कळपात अडकली. मेंढपाळ शांत, मेंढ्या त्याहून शांत. मी खिडकीतून दोनदा ओरडले. मेंढ्यांवर काहीही परिणाम झाला नाही. आम्ही तिघे चित्रपटगृहात शिरलो तेव्हा चित्रपट वीस मिनिटे पुढे गेला होता. नावे येऊन गेली होती.

“आता त्याचं नाव कसं दिसन?” इंगोले कुजबुजले.

“नाव कशाला हवे? गाणी ऐका.”

सुनंदाने माझ्या पदराला हात लावला. “बाई, गाने त्यायचे…”

“चित्रपट सुरू असताना बोलू नये,” मी म्हणाले. ती काय सांगणार होती, ते पुढे कळेलच.

पडद्यावर एक मोठे घर होते. नायिका एकटीच. कोणीही बोलत नव्हते. आणि मध्येच एक आवाज आला. कसा सांगू? कोणी पत्र्यावर खिळा ओढावा, मग विहिरीच्या रहाटाने कण्हावे, मग एक तार तुटता तुटता राहावी, तसा! मग पुन्हा शांतता. मग पुन्हा ती तार.

“बाई, हे काय कुरकुर करून राह्यलं?” इंगोले दचकले.

“यंत्रात बिघाड झालेला दिसतो.”

“मंग गाने कसे आयकाचे?”

प्रश्न रास्त होता. एका मुलीच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा आणि यंत्र असे कुरकुरणार? मी उठले. मागच्या अरुंद जिन्याने थेट यंत्राच्या खोलीत गेले. आत कोण असावे? माझाच विद्यार्थी, रामधन! तोंडात विडी होती; मला पाहताच ती कोठे गेली, हे मला आजवर समजलेले नाही.

“बाई! तुमी? इकडं?”

“रामधन, हा काय खडखडाट लावला आहेस? बंद कर.”

“बाई, थे पिक्चरातलंच हाय.”

“उलट उत्तर?”

“नाई बाई. पन थे खरंच…”

“पडद्यावर कोणी बोलत आहे का?”

“नाई.”

“कोणी गात आहे का?”

“नाई.”

“मग आवाज कशाचा? नीट ऐकून घे. माणसे बोलू लागली की आवाज सुरू करायचा. गाऊ लागली की सुरू करायचा. तोंडे मिटली की बंद. समजले? म्हणून दाखव.”

त्याने म्हणून दाखवले. तो चित्रपट त्याने आठवडाभर रोज दोनदा पाहिलेला, त्यामुळे कोण केव्हा तोंड उघडणार, हे त्याला पाठ होते. आवाजाच्या चकतीवर हात ठेवून तो ताठ उभा राहिला. मी समाधानाने खाली आले.

आणि मग काय सांगावे! नायकाच्या मागे चार घोडेस्वार लागले. घोडे उधळलेले, धूळ उडत आहे आणि आवाज काडीचाही नाही! जणू घोडे सतरंजीवरून पळत आहेत. मागून कोणीतरी तोंडाने ‘टबडक टबडक’ केले. सगळे हसले. खलनायक कड्यावरून पडला, तोही मुकाट्याने. नायकाची आई आजारी. ती मुलाकडे पाहते, मुलगा तिच्याकडे पाहतो, बराच वेळ कोणी बोलत नाही. त्या शांततेत तिसऱ्या रांगेतील एका गृहस्थांना शिंक आली. आई गेली, आणि चित्रपटगृह पोट धरून हसत होते!

“आवाज! ए, आवाज!” पुढच्या बाकांवरून ओरडा सुरू झाला. शिट्ट्या झाल्या.

मी उभी राहिले. “शांत बसा! ही काय पद्धत झाली?”

तुम्हाला खरे वाटणार नाही, पण ते दोनअडीचशे लोक खाली बसले. त्यांतील निम्मे माझ्या हाताखालून गेलेले असावेत.

गाणी मात्र खणखणीत वाजली. इंगोले मान डोलवीत होते. “याचंच?”

“त्याचेच.”

“आन् हे?”

“हेही त्याचेच. सगळी त्याचीच.”

“वा! पोरगा हुशार हाय, बाई!”

सुनंदा पुन्हा म्हणाली, “बाई, आयका तं…” मी तर्जनी ओठांवर ठेवली.

खेळ सुटला. आम्ही बाहेर आलो. इंगोल्यांचा चेहरा खुलला होता. आणि तेथे भिंतीवर मोठी जाहिरात लावलेली होती. इंगोले नोकरीच्या सवयीने लिहिलेले सर्व वाचत. त्यांनी ‘संगीत’ या शब्दापुढचे नाव वाचले. एकदा वाचले. बोट ठेवून पुन्हा वाचले. ते नाव गौतमचे नव्हते.

“बाई, हे तं दुसऱ्याचं नाव हाय.”

मी वाचले. दुसऱ्याचेच होते.

“म्हंजे तुमी मले खोटं सांगतलं?” ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते! “पानठेल्यावाल्यानं सांगतलं असतं तं सोडून देल्लं असतं. पन तुमी, बाई?”

उद्या सोमवार. इंझोरीला ‘हो’ जाणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. सुनंदालाही दिसले असावे. कारण ती आता कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता बोलली.

“बाबा, गाने त्यायचे नाईतच! रेडिओवर रोज नाव सांगते, साऱ्या जगाले मालूम हाय. बाईच फक्त बातम्या आयकते! हे पाहा, खाली. बारीक अक्षरात.”

अगदी तळाशी लिहिलेले होते: पार्श्वसंगीत, गौतम.

“पार्श्व म्हंजे कोनतं?” इंगोल्यांनी विचारले. मला नाही, मुलीला विचारले!

“मानसं बोलत नसते ना, तवा जे मांगं वाजते, थे. भेव वाटावं म्हून, रडू यावं म्हून.”

“पन मानसं बोलत नसताना काईच नाई वाजलं! म्या तं घोडे बी नाई आयकले!”

नेमका याच क्षणी रामधन जिना उतरून आला. घामाघूम. हात पुसत म्हणाला, “बाई, जमलं ना बरोबर? जथी जथी थे वाजत होतं, तथी तथी बंद केलं. येक डाव बी चुकलो नाई!”

आयुष्यात प्रथमच एखाद्या विद्यार्थ्याने माझी सूचना शंभर टक्के पाळली होती.

इंगोले रामधनकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग जाहिरातीकडे. सगळे त्यांच्या ध्यानात आले, हे त्यांच्या मिशीवरून कळले. मी घसा साफ केला आणि ते वाक्य उच्चारले, जे मला स्वतःलाच परके वाटले: “इंगोले, माझी चूक झाली. मुलाची नाही, माझी. त्याचे काम होते. मी ते बंद करायला लावले. तुम्ही काहीही ठरवण्याआधी सहाचा खेळ पाहा. माझ्यासाठी नको, सुनंदासाठी पाहा.”

“मंग बाई, तुमी माह्याजवळ बसा,” इंगोले म्हणाले. “उठाचं नाई.”

सहाचा खेळ आम्ही पहिल्या नावापासून पाहिला. रामधनने कशालाही हात लावला नाही. तीच नायिका, तेच घर. ती तार कण्हली आणि इंगोल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. घोडे आले तेव्हा ते पुढे झुकले. आई आणि मुलगा एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा मागे कोठेतरी एकच गिटार अगदी हळू वाजत होती. कोणीही शिंकले नाही. इंगोल्यांनी टोपी काढली, डोळ्यांना लावली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, “तेच पिक्चर, तेच मानसं. दुपारी म्या हासलो, आता रडलो. एवढा फरक जो पोरगा करते, त्याले पर्मनंट कायले पाह्यजे?” मग सुनंदाकडे वळून, “उद्या इंझोरीले नाई सांगून देतो.”

तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नाही. डोळ्यांत काहीतरी गेले होते. माझ्या.

लग्न झाले. वास्तविक हकिकत येथे संपायला हवी. पण तसे झाले नाही. इंगोल्यांना धाकटी मुलगीही होती आणि काही वर्षांनी तिच्यासाठी माझ्या सख्ख्या भाच्याचे नाव निघाले. भाचा माझ्याच घरी राहत होता. इंगोले मेडशीत उतरले, पानठेल्यावर गेले, गिरणीवर गेले, माझ्या दारावरून मला नमस्कार करीत पुढे गेले आणि परतीच्या गाडीने वाशीमला जाऊन थेट यंत्राच्या खोलीत रामधनकडे चौकशीला बसले!

रामधनने भाच्याची पुष्कळ स्तुती केली. मग इंगोल्यांनी विचारले, “आन् पोराची आत्या?”

रामधन म्हणाला म्हणे, “चांगली हाय. बाईले सगळं येते. फक्त जे येत नाई, थे बी येते असं वाटते.”

हे वाक्य मला कळले तेव्हा मी सवयीने लाल पेन उघडून बसले. बराच वेळ पाहिले. दुरुस्त करण्यासारखे त्यात काहीही सापडले नाही.