कुमारी वनिताचा केसपेपर

ड्रेसिंग उघडलं तेव्हा डाव्या बाजूच्या टाक्यांतून पू आला. तीन दिवस ताप होता, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. पण पुवामागून पांढरं, पातळ काहीतरी वाहू लागलं. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघायला लागली. ते दूध होतं.

"वनिता, तुला बाळ आहे?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. तिच्यासोबत आलेला मॅनेजर बाहेर चहाला गेला होता. "सात महिन्याचा हाय मॅडम. गावाले मायजवळ ठेवला. इथी यायच्या पंधरा दिस आंधी अंगावरचं तोडलं त्याचं."

मी चंद्रपुरात प्लास्टिक सर्जन आहे. लोकांना वाटतं, आम्ही सुंदर करतो. माझं निम्मं आयुष्य भाजलेली कातडी आणि अस्वलाने फाडलेले चेहरे शिवण्यात गेलं. स्तन मोठे करून मागणाऱ्या बाया वर्षाला दोन-चार. त्यातली ही वनिता, वडशाच्या एका नाटक कंपनीची हिरॉईन.

पहिल्या दिवशी मॅनेजर तिच्या शेजारीच बसला होता. मी नेहमीची यादी सांगितली. इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी, स्तनाच्या मागे बसवतात. ती जन्मभर टिकत नाही, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. भोवती कडकपणा येतो, दुखतं. पुढे गाठ तपासताना अडचण होते. दीड महिना नाच बंद.

"दिवाळीनंतर सीजन हाय. तवरिक होते ना मॅडम?" मॅनेजरने विचारलं.

"लग्न? मुलंबाळं?" मी तिला विचारलं. उत्तर त्यानेच दिलं. पिशवीतून पोस्टर काढून टेबलावर पसरलं. "कुमारी हाय ना मॅडम. हे पाहा."

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, हिरॉईनच्या नावामागे कुमारी लागतं. ते गेलं की वाट्याला वहिनीचं काम येतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी केसपेपरवर 'अविवाहित' लिहिलं.

पडद्याआड तपासताना पोटावर पांढऱ्या रेषा दिसल्या. विचारलं, तर ती हळूच म्हणाली, "आंधी मी लय मोटी होती." पडद्यापलीकडे मॅनेजर खाकरला. मी नवशिकी नव्हते. त्या रेषा कशाच्या, हे मला कळायला हवं होतं. त्याला बाहेर घालवायला एक मिनिट लागलं असतं, आणि त्या मिनिटाची मला आजही लाज वाटते.

दूध पाजणं थांबल्यावर काही महिने तरी जाऊ द्यायचे असतात. तोवर आत दूध बनत राहतं. ते पिशवीपाशी साचलं की जंतूंना आयतं खाद्य मिळतं, आणि पिशवीवर बसलेल्या जंतूंपर्यंत औषध धड पोचत नाही. मग पिशवी काढण्यावाचून गत्यंतर नसतं.

डावी पिशवी काढावी लागेल, असं तिला सांगितलं. उजवी बाजू चांगली होती. ती म्हणाली, "एक ठेवून काय करू? दोन्ही काढा."

दोन्ही काढल्या. दूध आटवायच्या गोळ्या दिल्या. मॅनेजर दारातूनच म्हणाला, "मले दुसरी हिरॉईन पाहा लागन." पोस्टर माझ्या टेबलावरच राहिलं.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "परत टाकता येते का?"

"सध्या विषय काढू नकोस. डावीकडे खड्डा राहील."

"आन पोराले पाजता येईन का?"

"या बाळाला नाही."

ती भिंतीकडे वळली. "काऊन सांगतलं नाई मी," एवढंच म्हणाली. चूक तिची एकटीची नव्हती, हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं.

आता पेशंटसोबत आलेला माणूस कुणीही असो, आधी खोलीबाहेर जातो. मग मी पहिला प्रश्न बाळाचा विचारते. गेल्या पावसाळ्यात तेच ऑपरेशन मागणाऱ्या एका मुलीने दार लागल्यावर सांगितलं, "पोरगी पाच महिन्याची हाय." मी ऑपरेशनला नाही म्हटलं. "तिथले डॉक्टर करतेत," म्हणत बाहेरच्या माणसाने तिला तिथूनच नागपूरच्या गाडीत बसवलं.