एल्विओच्या विमानाची काच

एल्विओ जिराउदोच्या घरात जेवणाची खोली आहे, पण गेली नऊ वर्षं तिथे कोणी जेवलेलं नाही. तिथे विमान राहतं. पुकारा, म्हणजे आमच्या कोर्दोबाच्याच कारखान्यात बनलेलं दोन पंख्यांचं लढाऊ विमान. त्याची ही आठपट लहान प्रतिकृती. तरीही एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ माझ्या उंचीएवढी, फक्त पोटाकडे माझ्यापेक्षा बरीच सडपातळ.

एल्विओने त्या कारखान्यात साच्यांच्या विभागात एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर लोक बागेत गुलाब लावतात, याने ओव्हनमध्ये प्लास्टिक लावलं. एवढ्या मोठ्या पुकाराचे तयार भाग कुठे मिळत नाहीत, म्हणून सगळं घरी. आधी लाकडाचा साचा कोरायचा. प्लास्टिकचा पत्रा चौकटीत अडकवून ओव्हनमध्ये मऊ करायचा, साच्यावर दाबायचा आणि खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची. पत्रा साच्याला बिलगतो, गार झाला की झालं विमानाचं नाक.

पहिलं नाक विमानाला बसेना. प्लास्टिकला जाडी असते, तेवढा साचा लहान करायचा असतो, हे हा गृहस्थ विसरला. हीच गोष्ट त्याने एकतीस वर्षं शिकाऊ पोरांना ओरडून ओरडून शिकवली होती. गल्लीतली सगळी माणसं ते नाक बघायला येऊन गेली. कोणी म्हणालं, सर्दी झालीय, कोणी म्हणालं, आजोबांवर गेलंय. एल्विओने नवा साचा कोरला.

नियम एकच. विमानाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्याची बायको नोएमी धूळ पुसायचं फडकं घेऊन उंबऱ्यापर्यंत जाई आणि तिथून तो फडकं हातात घेई. मी शेजारी, रोजचा येणाराजाणारा, जिवाभावाचा मित्र. मला पत्रा ओव्हनमध्ये असताना सेकंद मोजायची परवानगी होती.

दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं, गल्लीने छोटं नाव ठेवलं : फ्लान. फ्लान म्हणजे आमच्याकडचं अंड्यादुधाचं गोड, बशीत ठेवलं की नुसतं लटलटतं. कोर्दोबात माणसाला आधी टोपणनाव मिळतं, मग औषध. "काय फ्लान, कसं काय?" अशी हाक आली की एल्विओ म्हणायचा, "लटलटतोय, बाबा, अजून कोणी चमचा घातलेला नाही."

पण विमानाची काच राहिली होती. पायलटच्या डोक्यावरचा तो लांबट, फुगीर, पारदर्शक घुमट. त्याचा साचा एल्विओने मागच्या हिवाळ्यात पुरा केला. चार महिने नुसता घासत होता, कारण पारदर्शक प्लास्टिक काही लपवत नाही. साच्यावर एक केस राहिला तरी काचेत उमटतो. तसा साचा आता त्याच्या हातून होणार नव्हता. हे त्याला माहीत होतं, आम्हालाही होतं, आणि गल्लीत एवढ्याच एका गोष्टीची कोणी थट्टा केली नव्हती.

पारदर्शक पत्रे चार होते. तीन वाया गेले. घुमट खोल, आणि व्हॅक्यूम क्लीनरला तेवढा दम नाही. काचेच्या मागच्या बाजूला हत्तीच्या गुडघ्यासारख्या सुरकुत्या पडत. उरला एक. त्या जातीचा पत्रा विकणाऱ्याने दुकान कधीच बंद केलं होतं.

"देल्माकडे जा," एके दिवशी नोएमी म्हणाली. देल्मा तिची मामेबहीण, विया मारिया गावाजवळ तिचा दुधाचा गोठा आहे. "तिची यंत्रं रोज साठ गाईंचं दूध ओढतात. तुझा एक पत्रा ओढणार नाहीत?"

"माझं विमान मी गोठ्यात नेऊ?" एल्विओ भडकला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पिता पिता म्हणाला, "तो पंप कसला आहे तिचा?"

शनिवारी आम्ही निघालो. गाडी मी चालवत होतो, मागे नोएमी. एल्विओच्या मांडीवर साचा, नातीच्या लहानपणीच्या दुलईत गुंडाळलेला. खड्डा आला की तो माझ्याकडे असा बघे, जणू मीच आदल्या दिवशी येऊन तो खणला होता.

सगळा हिशेब वेळेचा होता. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने एल्विओचे हात शांत होत आणि तासभर शांत राहत. दोन वाजता त्याने गोळी घेतली. तीनला पत्रा ओढायचा, चारला गाई दोहायला येणार. मऊ झालेला पत्रा चार-पाच सेकंदांत कडक होतो, म्हणून ओव्हन साच्याच्या शेजारीच हवा. देल्माने आपल्या स्वयंपाकघरातली अख्खी शेगडी, खालच्या ओव्हनसकट, ढकलगाडीवर घालून दूध काढायच्या शेडमध्ये आणून ठेवली होती. ही बाई साठीची, रबरी बूट घातलेली, दंड माझ्या मांडीएवढे.

"एल्विओ, माझ्या ओव्हनमध्ये आजवर कोंबड्याच गेल्यात," ती म्हणाली. "खराब केलास तर तुलाच भाजीन."

एल्विओने भोकं पाडलेली लाकडी पेटी मांडली, वर साचा ठेवला, पेटीला दूधयंत्राची नळी जोडली. देल्माने पंप चालू केला. सगळं जागेवर. पावणेतीन झाले होते, एल्विओचे हात दगडासारखे स्थिर. त्याने काडी ओढली, ओव्हन पेटवला, आणि ज्योत एकदा निळी होऊन विझली. सिलिंडर रिकामा.

देल्माने तिच्या देवाला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. ती ट्रक घेऊन शेजारच्या गोठ्यावर गेली. आम्ही थांबलो. एल्विओ साच्यावर मऊ फडकं फिरवत राहिला. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. देल्मा सिलिंडर घेऊन आली तेव्हा पावणेचारला पाच मिनिटं होती. ओव्हन तापायला दहा मिनिटं, पत्रा मऊ व्हायला आणखी चार. फाटकापाशी गाई जमायला लागल्या होत्या. भरल्या कासांच्या गाईंना कोणाच्या गोळीची वेळ कळत नाही. पहिली हंबरली, मग दहा, मग सगळ्याच.

चौकट ओव्हनमध्ये गेली. एल्विओ ओव्हनच्या दाराच्या काचेतून आत बघत गुडघ्यांवर बसला.

"जाड्या, किती?"

"दीड मिनिट."

पत्रा आधी जरासा वाकडा झाला, मग पुन्हा ताठ. मग मध्यभागी खाली झुकायला लागला. चार बोटं झुकला की काढायचा. थोडा आधी काढला तर सुरकुत्या, थोडा नंतर काढला तर आत बुडबुडे.

"किती?"

"अडीच."

तेव्हा मला दिसलं. हातमोज्यांतली त्याची बोटं हलत होती. आधी उजव्या हाताची, मग मनगट. त्याने हात काखेत दाबले, पुन्हा बाहेर काढले. थांबेनात. चौकट सरळ खाली यायला हवी होती. थरथरत आली तर मऊ पत्रा साच्याला एका बाजूने आधी चिकटेल, आणि संपलं. मी घड्याळाकडे बघत राहिलो. नोएमीने तोंडावर हात ठेवला.

"एल्विओ," देल्मा म्हणाली, "हातमोजे काढ."

"काय?"

"काढ म्हणते ना. मला दे."

"तुला काय येतं यातलं!"

"गाईच्या सडाच्या नाजूक कातडीवर हवा न गळता यंत्राचा कप बसवता येतो. दिवसाला चारशे ऐंशी वेळा बसवते. बसला की नाही ते बघत नाही, ऐकते. तू किती वेळा केलंस?"

"तीन वेळा," एल्विओ म्हणाला. "तिन्ही फसले."

"मग?"

"सव्वातीन मिनिटं," मी म्हणालो.

पत्रा तीन बोटं झुकला होता. एल्विओने एक हातमोजा काढला. दुसरा निघेना, बोटं धड पकडत नव्हती. नोएमी पुढे झाली आणि तिने तो ओढून काढला. देल्माने दोन्ही चढवले.

"सरळ खाली," एल्विओ म्हणाला. "थांबायचं नाही. दाबायचं कडेला, मध्ये नाही. मी सांगेपर्यंत..."

"बोल लवकर."

"अजून नाही... अजून नाही..." बाहेर फाटक कडकडलं. "आता!"

देल्माने चौकट काढली, वळली आणि ताट ठेवावं तशी सरळ खाली आणली. एल्विओने कोपराने नळीवरचा नळ उघडला. हिस्स. पत्रा साच्यावर घसरत खाली गेला, पण मागच्या बाजूला फुगाच राहिला, आणि त्या हिस्समध्ये एक बारीक शिट्टी मिसळली.

"गळतंय," देल्मा म्हणाली. तिने मान कलती केली, ऐकलं, आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यावर गुडघा रोवला. शिट्टी बंद झाली. फुगा एका झटक्यात आत गेला. समोर लाकडाचा साचा नुसता ओला झाल्यासारखा चमकत होता, इतका पत्रा त्याला चिकटला.

"हलू नकोस," एल्विओ म्हणाला. "मोज, जाड्या. साठ."

साठ सेकंदांत चार गाई शेडमध्ये शिरल्या. एकीने शेगडी हुंगली. देल्मा गुडघा न हलवता त्यांना नावानिशी शिव्या देत राहिली.

साच्यावरून काच सुटताना टप्प असा आवाज आला. एल्विओने ती दोन्ही हातांनी खिडकीकडे धरली. हात थरथरत होते, त्यामुळे काचेतून दिसणाऱ्या गाईही थरथरत होत्या. तो बराच वेळ खोट शोधत होता. मागच्या बाजूला मसुरीच्या दाण्याएवढा एक डाग होता.

"इथे पट्टी येते," तो म्हणाला. "झाकला जाईल." मग बादलीवर बसला आणि कितीतरी वेळ उठला नाही. देल्मा पहिल्या गाईकडे वळली.

पुढच्या रविवारी काचेभोवतीचं जादा प्लास्टिक कापायचं होतं. कडेने अर्धा मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. जेवणाच्या खोलीत एल्विओने पातळ पात्याची सुरी नोएमीपुढे धरली. ती माझ्यापुढे धरली नाही म्हणून मी देवाचे आभार मानले.

"कुठून सुरू करू?" नोएमीने विचारलं. तिचे दोन्ही पाय पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत होते.

"मागून. एकदम नाही कापायचं. हलक्या हाताने, सात-आठ वेळा तीच रेघ. अंगठा तिथे नको. तिथेही नको. श्वास सोड आधी."

"तू गप्प बस, मग सोडते."

एल्विओने दोन्ही हात मांड्यांखाली घालून घेतले. गप्प मात्र तो पाऊण तासात एकदाही बसला नाही.