जाताना नव्हतं, येताना आलं

ग्रेडरकाका कुठल्याही वस्तूकडे सरळ बघत नसत. मान डावीकडे वळवायची, हनुवटी थोडी वर करायची आणि समोरच्याला आधी चोर ठरवून मग तपासणी सुरू करायची. भाजीवाल्याची मेथी, वाण्याची तूरडाळ, गॅस सिलेंडरचं सील, लग्नपत्रिकेवरची तिथी, कशालाच सूट नव्हती. अकोल्यातल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे आणि मी त्यांच्या डोक्यावर. नवीन भाडेकरू आला की आम्हीच त्याला सांगायचो, "काकांची मान वळली की समजायचं, काहीतरी सापडलं." त्या मानेचा आम्हाला अभिमान होता.

त्यांचा धंदाच तो. अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी ग्रेडर म्हणून उभा जन्म कापूस पारखला. ट्रॉलीतून मूठभर कापूस उचलायचा, बोटांनी धागा ओढून लांबी बघायची, पिवळी पडलेली कवडी, म्हणजे किडक्या बोंडातला कापूस, वेगळी काढायची, तळव्यावर दाबून ओल ओळखायची. निवृत्तीनंतरही हंगामात त्यांना बोलावणं यायचं आणि ते सकाळच्या एसटीने जायचे. "विश्वास ठेवाले देवळं हायेत," असं ते म्हणत. "कापसाले पाहाच लागते."

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान सांभाळते. काचेच्या नळ्या, चंचुपात्रं, दिवे, सगळ्यांची माझ्याकडे यादी असते. घरातही तेच. किराणा, औषधं, कुणाला काय वाचायला दिलं, सगळं वहीत. काका मला यादीबाई म्हणायचे. एकदा काकूंना सांगताना मी ऐकलं, "ही बाई लिहून ठेवते, म्हंजे तिले सोताच्या डोक्याचा भरोसा नाही. भरोसा करावा तं अशाच माणसाचा." त्यांनी केलेलं माझं कौतुक म्हणून हेच एक वाक्य माझ्याजवळ आहे.

पण एका मार्चमध्ये, हंगाम संपता संपता, ही मान सलीमभाईंवर फिरली. सलीमभाई म्हणजे जिनिंगच्या आवाराचे देखरेखवाले. ट्रॉल्या रांगेत लावणं, त्या रिकाम्या करून घेणं त्यांच्याकडे. दोघांची पंचवीस वर्षांची सोबत. काकूंचा ठेचा तिकडे जायचा आणि त्यांच्याकडचा शीरखुर्मा बरणीत भरून आमच्या इमारतीपर्यंत यायचा. त्या दिवशी काका ट्रॉल्यांच्या रांगेच्या कडेने चालत गेले, माल कोरडा म्हणाले, टोकाला जाऊन चहा प्यायले आणि त्याच वाटेने परत फिरले. येताना एका ट्रॉलीच्या कडेला ओल्या कापसाचा काळपट थर दिसला, वजन वाढवायला कुणी मागून पाणी मारल्यासारखा.

"जाताना नव्हतं, येताना आलं," काका सगळ्यांदेखत ओरडले. "मंधात इथं कोन होतं? सलीम होता."

सलीमभाई एवढंच म्हणाले, "ग्रेडरसाब, ओला था तो सुबह से ओला था. तुम देखे नहीं."

त्यांनी चोरी नाकारली असती तर काका भांडून मोकळे झाले असते. 'देखे नहीं' मात्र त्यांना सोसलं नाही. ते घरी आले ते परत गेलेच नाहीत. ईदला बरणी आली नाही, तेव्हा काका म्हणाले, "आता कायले येते? पकडल्या गेला ना."

मे महिन्यात माझी मुलगी मुक्ता अमरावतीच्या कॉलेजमधून सुट्टीवर आली आणि येताना तिचा कॉम्प्युटर घेऊन आली. एका दुपारी काका पाण्याच्या मोटरची तक्रार घेऊन वर आले, तेव्हा ती पडद्यावरच्या एका लांबलचक हॉटेलच्या पॅसेजमधून चालत होती. काकांची मान वळली.

"हे काय पाहून राहिली व?"

"भीतीचा गेम आहे, आजोबा."

"भूत कुठी हाये?"

"भूत नाही. नुसतं बघायचं. एकदा पॅसेज नीट बघून ठेवायचा. पुढच्या फेरीत काही बदललं असेल तर मागे फिरायचं. काहीच बदललं नसेल तर पुढे जायचं, म्हणजे आपण एक मजला खाली येतो. आठ मजले उतरलो की सुटलो. चुकलो की परत आठव्यावर."

काका खुर्ची ओढून बसले. "हा गेम कोन्या ग्रेडरनंच बनवला असन."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी तीनला ते हजर. बटणं आता तेच दाबायचे. मे महिन्यातल्या अकोल्यात ते आल्या आल्या आमचा कूलर बंद करायचे. गेममध्ये आवाजही बदलतात, कूलरच्या घरघरीत तो बदल कळत नाही, म्हणून. आम्ही घामाने निथळत बसायचो आणि पडद्यावर तो पॅसेज. पिवळे दिवे, दोन्ही बाजूंना बंद दारं, भिंतीवर घड्याळ, एका बाईची तसबीर, दाराबाहेर काढून ठेवलेले बूट. अंगावर कुणीही धावून येत नाही. तरी चार फेऱ्यांनंतर आपण स्वतःच्या डोळ्यांकडे संशयाने बघायला लागतो. बूट मघाशी असेच होते का? बाईची बोटं पाच होती ना? काकांनी सहावं बोट एका क्षणात ओळखलं होतं. घड्याळाचा काटा उलटा फिरतोय हेही मुक्ताच्या आधी.

"भूत दिसलं की माणूस मोकळा होते," ते म्हणाले. "पळता तरी येते. हे बेकार हाये. सगळं जसंच्या तसं दिसते आन् मनातून वाटते की कोनीतरी हात मारला."

एकदा काकू कैरीचं पन्हं घेऊन वर आल्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "दोन वर्सं झाले मी नाकातली मोरनी बदलून, ते नाही दिसलं या मानसाले. त्या फोटोतल्या बाईचं बोट बराबर दिसलं."

"तुह्या नाकावर गेम नाही ना," काका म्हणाले, पण नजर पडद्यावरून हलली नाही.

ते खेळत होते ते गंमत म्हणून नव्हे, हे मला चौथ्या दिवशी कळलं. आठ मजले एकही चूक न करता उतरायचे, मग अकोटला जाऊन चार माणसांत सांगायचं, की माझ्या नजरेत खोट नाही. म्हणजे खोट कुणात, ते आपोआप ठरलं. "आन् हे लेखी पाहिजे," ते मला म्हणाले. "लिही, यादीबाई."

मी चार रकाने आखले. फेरी, काय बदललं, कुठे, काकांना दिसलं की नाही.

आठ मजले काही उतरले जाईनात. तिसऱ्या-चौथ्यावर चूक आणि परत आठव्यावर. काकांचा संशय आधी गेमवर गेला, मग मुक्तावर. "तू मांगून बटन दाबतं." एका फेरीत त्यांना उजव्या दाराची मूठ गायब दिसली, म्हणून ते मागे फिरले. नियमाप्रमाणे बरोबर. पण परतताना दाराबाहेरचे बूट भिंतीकडे टोक करून ठेवलेले दिसले आणि काका ताडकन उठले. "पाह्य! जाताना नव्हतं, येताना आलं! लबाड हाये हा गेम. अकोटसारखाच."

"आजोबा, जातानाही तसेच होते," मुक्ता म्हणाली.

"तूही तिकडचीच."

पुढच्या दुपारची गोष्ट. पॅसेजमध्ये डावीकडच्या दुसऱ्या दारात एक माणूस उभा होता. हलत नव्हता, काही करत नव्हता, येणाऱ्याकडे बघत नुसता उभा. मुक्ताने माझं मनगट धरलं. काका सरळ चालत गेले, त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून, आणि पॅसेजच्या टोकाशी थांबून म्हणाले, "सगळं जसंच्या तसं. चाल पुढं."

मुक्ताला वाटलं ते थट्टा करतायत. ती हसलीसुद्धा. मला हसू आलं नाही.

ते गेल्यावर मी वही उघडली आणि 'दिसलं नाही' लिहिलेल्या ओळी तेवढ्या लाल पेनने अधोरेखित केल्या. मग तिसरा रकाना वरून खाली वाचला. डावीकडे. डावीकडे. डावीकडे. अकरा दुपारींच्या चुकांत उजवीकडची एकही नव्हती. ज्या बुटांवरून ते तणतणले ते जाताना डाव्या हाताला होते, येताना उजव्या. मग मला अकोटची ट्रॉली आठवली. ती जाताना कुठल्या हाताला असेल, हे विचारायची गरज उरली नव्हती.

मी पक्कं केल्याशिवाय बोलत नाही. दुसऱ्या दिवशी काका बसल्यावर चहाचा कप अगदी आवाज न करता त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि समोर बसून राहिले. कपातून वाफ निघत होती. काका पडद्याकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आज चहा नाही काय व?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. यावेळी तीही हसली नाही.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली, त्यांच्या उजव्या हाताला. ते रकाना वाचत खाली गेले. चेहरा काळवंडला. "किती देल्ले त्यानं तुले? सलीमनं?"

"काका, चहा तुमच्या डाव्या हाताशी आहे. मघापासून."

मान वळली. कप दिसला. त्यावर साय धरली होती. काकांनी मान सरळ केली, परत वळवली, आणि मग उठून खाली निघून गेले. चहा तसाच राहिला.

मी मागोमाग काकूंकडे गेले. "काकू, काका मान वळवून कधीपासून बघतात?" त्यांनी कपाटातून अल्बम काढला. जिनिंगच्या आवारातले जुने फोटो होते, हातात कापूस घेतलेले काका आणि शेजारी सलीमभाई. प्रत्येक फोटोत मान सरळ. काकू पानं उलटत राहिल्या. "हे मान तं अल्लीकडची हाये व," त्या हळूच म्हणाल्या. "चार-पाच वर्सांतली."

आम्ही सगळे जिला ग्रेडरची नजर म्हणत होतो, ती न दिसणाऱ्या बाजूला दिसणाऱ्या बाजूत आणायची धडपड होती. माझ्याकडे इमारतीतल्या बल्बांचीसुद्धा यादी होती. ही मान मात्र कुठल्याच यादीत नव्हती.

काकूंनी दोन दिवस स्वयंपाक केला नाही, तेव्हा काका डॉक्टरकडे यायला तयार झाले. मुक्ताने अमरावतीला वेळ घेतली. डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलेलं, उजव्याचंही नाकाकडच्या बाजूचं गेलेलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळता येईल. स्कूटर चालवणं बंद. काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मंग मले तिथं अंधार काहून नाही दिसत?"

"अंधार दिसत नाही, काका. तिथे काही नाही हेच कळत नाही. आजूबाजूचं बघून मेंदू ती जागा भरून टाकतो. तुम्हाला सगळं जसंच्या तसं वाटतं."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत ते एकेक डोळा झाकून खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे ओला होता तो सकाळपासून ओला होता." आणि अकोला दिसायला लागल्यावर, "यादीबाई, तुह्या वहीतलं ते पान फाडून दे मले."

तीन दिवसांनी आम्ही अकोटला गेलो. हंगाम नव्हता. आवार रिकामं होतं, कुंपणाच्या तारेला जुना कापूस चिकटलेला. सलीमभाई ऑफिसच्या दारातून आम्हाला बघत होते. ते चालत आले आणि काकांपासून दोन पावलांवर उभे राहिले, डाव्या बाजूला. काका समोर बघत होते. हातात घडी घातलेलं पान होतं.

"सलीम नाही आला काय?" त्यांनी मला विचारलं.

सलीमभाईंचा चेहरा आधी कडक झाला. त्यांना वाटलं, अजूनही हा माणूस आपल्याला ओळख देत नाही. मी माझ्या डाव्या डोळ्यावर तळवा धरला. ते बघत राहिले. काकांकडे, माझ्याकडे, परत काकांकडे. मग सावकाश वळसा घालून उजव्या बाजूला आले.

काका दचकले. मग पान पुढे केलं. "हे घे. लेखी हाये. मलेच दिसलं नव्हतं."

सलीमभाईंनी पान उघडलंच नाही. घडी खिशात टाकली. "मैं बोला था ना, देखे नहीं," ते म्हणाले आणि परत काकांच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहिले. "अब चलो, चाय पिते. तुम उधर का देखो, इधर का मैं देखता."

पुढचे दोन हंगाम काका अकोटला गेले, ते नव्या पोरांना शिकवायला. ट्रॉल्यांच्या रांगेतून दोघं बरोबर चालत, सलीमभाई डावीकडून. बरणी पुन्हा यायला लागली. आठ मजले मात्र काका कधीच उतरले नाहीत. मुक्ता सुट्टीवर आली की ते कूलर बंद करून तिच्या शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "डावी तू पाह्य."

मी आता कुठल्याही खोलीत शिरले की आधी डावीकडे बघते आणि मग स्वतःला विचारते, यातलं किती खरंच दिसलं आणि किती आपण भरून घेतलं.

काका गेल्या श्रावणात गेले. त्या दिवसाची सगळी व्यवस्था माझ्याकडे आली, कुणाला कळवायचं, काय आणायचं, कुणी कुठे थांबायचं. मी दारात वही घेऊन उभी होते. अकोटहून सलीमभाई आले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. खोलीत उजवीकडे भरपूर जागा होती. गर्दीतून वाट काढत ते काकांच्या डाव्या बाजूला गेले आणि निघायची वेळ होईपर्यंत तिथेच उभे राहिले.